बरणीतलं पाणी

परबकाकांच्या खोलीत ऊन येत नसे. खोली दुसऱ्या माळ्यावरची, पश्चिमेला तोंड असलेली. लालबागच्या आमच्या चाळीत त्या बाजूची सगळी बिऱ्हाडं दुपारनंतर भाजून निघायची. काकांनी मात्र खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं असे आणि ते वाळायच्या आत पुन्हा भिजवलेलं असे. उंबऱ्याशी ओलं फडकं, ओट्यावर ओलं फडकं, देव्हाऱ्याखाली ओलं फडकं. पोरं त्यांना ओलेकाका म्हणायची. मी पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी राहिले, आणि विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे रोज फळ्यासमोर उभी राहून सांगत आले. या फडक्यांचं कारण मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तर रात्री झोप तरी लागली असती.

उंच, वाळका माणूस. अंगात सुती पांढरा सदरा, त्याला खिसा नाही. पायांत शिवलेल्या चपला, एकही खिळा नसलेल्या. नायलॉनची साडी नेसलेली बाई समोरून आली की जिन्यात भिंतीला चिकटून उभे राहायचे. बायकांना वाटे, काय ही मर्यादा. मर्यादा कसली, ते तिच्या पदराला घाबरत होते.

कुणाच्याही घरात शिरण्याआधी ते गॅलरीच्या टोकाला असलेल्या पितळी नळापर्यंत जात, त्यावर उजवा तळवा ठेवत, तीन आकडे मोजावेत इतका वेळ थांबत आणि मग आत येत. आमच्या सत्यनारायणाला आले तेव्हाही आधी नळ झाला. मी विचारलं, "काका, हे काय सोवळं?"

"अंगात वीज असता, टीचर," ते म्हणाले. "ती आधी नळाक देवची, मगेच दुसऱ्याच्या घरात शिराचा."

मी वर्गात केसांवरून कंगवा फिरवून कागदाचे कपटे उचलून दाखवते, तीच ही वीज. मला हसू आलं. पण ते हसत नव्हते, म्हणून मीही पानसुपारीचं ताट पुढे केलं आणि विषय सोडून दिला.

तरुणपणापासून ते ठाकूरद्वारच्या एका बंदुकांच्या दुकानात कामाला होते. कोकणातले शेतकरी शेतीसंरक्षणाचा परवाना घेऊन तिथे यायचे. वानर आणि रानडुकरं हाकायला त्यांच्याकडे ठासणीच्या बंदुका असायच्या, आणि त्या बंदुकांत भरायची काळी दारू मोजून द्यायचं काम काकांचं. पितळी माप, लाकडी डाव, लोखंडाला हात नाही. तिथे त्यांना एक विद्या लागली. डबा कानाशी धरून हलवायचा आणि आतला दाणा कोरडा आहे की सादळलेला, ते आवाजावरून सांगायचं. दुकान सुटलं तरी कान सुटला नाही. आमच्या वाण्याने दिलेली मोहरी ते कागदाच्या पुडीत हलवून ऐकत आणि परत पाठवत. "दाणा बोलता," म्हणत. वाणी कपाळाला हात लावे, पण दुसरी मोहरी देई, कारण काका एकदाही चुकलेले नव्हते.

हा कान विसरूनच तावडेवहिनींनी एका एप्रिलमध्ये मोठी चूक केली. गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या, त्यांना बाजारात जायचं होतं. कावळे हाकायला बसायला कुणी नव्हतं. काका गच्चीवर कधी जात नसत, पण वहिनींनी गळ घातली. तासाभराने वहिनी परतल्या तर काका चटईशेजारी उकिडवे बसलेले, चेहरा घामाने डबडबलेला, हातात रिकामा तांब्या, आणि सगळ्या कुरडया भिजून चिखल झालेल्या. वहिनींनी चाळ डोक्यावर घेतली. काका नंतर मला जिन्यात म्हणाले, "वाजूक लागलेली, टीचर. कडक वाजूक लागली. माका बघवला नाय."

त्या दिवसापासून चाळीने ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे. पुरावे होतेच. मालवणचा माणूस चतुर्थीला गावी जात नाही हे चाळीला न पटणारं. काका कधीच गेले नाहीत. मुंबईबाहेर एक रात्रही काढली नाही. लग्न केलं नव्हतं. पावसाळ्यात मात्र ते निराळेच असत. चार महिने धो धो पाऊस, भिंती गळतायत, आम्ही बादल्या लावून बेजार, आणि हे गॅलरीत बसून भजन गुणगुणतायत. ऑक्टोबर तापू लागला की आवाज बंद. मग त्यांच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर पांढरा लोणा फुटायचा. जुन्या भिंतींना फुटतोच, आमच्याकडेही यायचा. पण आमचा ठिपक्याठिपक्यांनी यायचा आणि त्यांचा एकाच ठिकाणी, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत. मधे रुंद, वर अरुंद. मी एकदा पाहिला आणि दुसऱ्यांदा त्या बाजूला पाहायचं टाळलं. काका रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसायचे, हळूहळू, आजारी माणसाचं अंग पुसावं तसा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा असायचा.

"क्षार असतात भिंतीत," मी शिकवण्याच्या सुरात सांगितलं. "ओल सुकली की बाहेर येतात."

"माका सांगतंस?" ते म्हणाले. एवढंच.

आणि ती बरणी. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर काचेची एक रुंद तोंडाची बरणी होती. तळाशी काळा गाळ, वर चहासारखं पाणी, आणि काचेभोवती बांधलेला लाल दोरा. रोज आंघोळ झाल्यावर काका त्यात दोऱ्यापर्यंत पाणी घालत आणि वर ताटली झाकत. कुणी म्हणे गंगाजळ आहे, कुणी म्हणे करणीचं आहे. मी म्हणे, असेल काही, आपल्याला काय करायचंय. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं म्हणू नये, पण शेजारधर्म हाही एक धर्म आहे.

मग एका मे महिन्यात काकांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी परळच्या इस्पितळात पाच दिवस राहावं लागलं. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हात सोडेनात. "दोऱ्यापर्यंत, टीचर. रोज. गोणपाट राहिला तरी चलात. पण दोऱ्याच्या खाली जाव देव नको."

तीन दिवस मी नेमाने पाणी घातलं. चौथ्या दिवशी पेपर तपासायचे होते, विसरले. पाचव्या दिवशी दुपारी कुलूप काढलं. गोणपाट वाळून कडक झालं होतं आणि त्याच्या फटीतून त्या खोलीत ऊन आलं होतं. फळीवर एक पिवळा पट्टा पडला होता. बरणीतलं पाणी दोऱ्याच्या दोन बोटं खाली गेलेलं. आणि ताटलीखालून, बरणीच्या काठावरून, पांढऱ्या सुयांसारखे कण बाहेर आले होते. काचेवरून उतरून ते फळीवर पसरले होते, आणि जिथवर पोचले होते ती बाजू उन्हाच्या पट्ट्याची होती. परवा इथे काही नव्हतं. मी एकटीच होते, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, भर दुपार होती, तरी माझी पाचावर धारण बसली.

जे मी मुलांना कधी करू देत नाही ते मी केलं. बोटाने एक कण उचलून जिभेला लावला. गार लागलं. भर मे महिन्यात जीभ गार पडली. सोरा, मी मनात म्हटलं. बंदुकीच्या दारूतला सोरा. गेली कित्येक वर्षं मी ज्या भिंतीला डोकं टेकून झोपत होते तिच्या पलीकडे दोन मुठी बंदुकीची दारू पाण्यात बसली होती.

काका घरी आले तेव्हा मी त्यांच्या पथ्याची चौकशीसुद्धा केली नाही. आधी तोंड सोडलं. म्हटलं, "असलं काही घरात ठेवतात का? आणि ठेवायचं तर एवढा उपद्व्याप कशाला? पाणी पाच-सात वेळा ओतून टाका. सोरा पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर निघून जाईल. उरेल तो नुसता गंधक-कोळसा. झालं."

"ठावक आसा माका," ते म्हणाले. "पाणी बदललंय तर ती मरतली. म्हणान तर बदलूक नाय. नुसता घालतंय."

"मग मारा ना तिला."

त्यांनी दार लोटून घेतलं. "ती मेली तर महादेव चोरच रवतलो, टीचर."

महादेव हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. काकांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मधे मधे पाणी पीत. मी इथे सलग सांगते.

महादेव त्याच दुकानात हमाल होता, काकांच्याच गावचा, बायको आणि एक मुलगी घेऊन भायखळ्याला राहायचा. एका पावसाळ्यात दुकानाच्या मागच्या खोलीत गटाराचं पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरचे दारूचे डबे रात्रभर पाण्यात राहिले. ही दारू चकचकीत असते. तिच्या दाण्यांना ग्रॅफाइटचा, म्हणजे शिसपेन्सिलीतल्या काळ्याचा, हात दिलेला असतो. त्याने दाणा मोहरीसारखा घरंगळतो आणि हवेतली ओल चटकन धरत नाही. त्यामुळे शेटची समजूत, पॉलिशच्या दारूला पाण्याचं भय नाही. काका म्हणाले, "छत्री घेवन समुद्रात उडी मारलंस तर भिजतलंसच ना? ता पॉलिश दमट हवेक. बुडल्यावर काय उपयोग?" डबे उघडले तर आत काळा लगदा. शेटने विचारलं, मेली का? काकांनी बोटाने चेपून पाहिलं आणि म्हणाले, मेली. त्यांच्या उस्तादाने त्यांना तेच शिकवलं होतं, की दारूवर पाणी पडलं की दारू मेली. रीतसर सरकारला कळवायचं तर कागदपत्रांचा घोळ, म्हणून शेटने तो लगदा घमेल्यात काढून मागच्या चौकात ठेवायला लावला. नंतर टाकू म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही.

पाऊस गेला. ऑक्टोबरचं ऊन चौकात उतरू लागलं. लगद्यातलं पाणी उडालं, पण सोरा कुठे जाणार? चौपाटीच्या पाण्यात डुंबून आल्यावर अंगावर मीठ राहतं तसा तो तिथेच राहिला. ढेकळं वाळली, त्यांना पांढरी दाढी फुटली. काकांनी ती एका सकाळी जाता-येता पाहिली होती. त्यांना ते बरं वाटलं नाही, पण तोंडून मेली म्हणून गेलेलं, मग आता काय बोलायचं. त्याच दुपारी शेटने महादेवला चौक साफ करायला सांगितलं. महादेवने लोखंडी फावडं घेतलं. मेलेल्या दारूला लोखंडाचं काय भय? घमेल्याला चिकटलेली ढेकळं तो खरवडू लागला.

ठिणगी उडाली. भाजलेला महादेव चौथ्या दिवशी इस्पितळात वारला. शुद्धीवर असेपर्यंत म्हणत होता, भिजलेली होती, भिजलेली होती.

चौकशी झाली. शेट म्हणाले, भिजलेली दारू पेटत नाही, तेव्हा महादेवने चांगली दारू चोरून चौकात लपवली असली पाहिजे, तीच पेटली. चौकशीच्या साहेबांनी काकांना विचारलं, तुम्ही जाणकार, पाण्यात गेलेली दारू पेट घेते का?

"तेच्या तीन दिस आधी," काका मला म्हणाले, "डब्याच्या तळाचा उरलेला गाळ मी घराक आणलेलंय. एक चिमूट हयच, ह्या खिडकीत सुकवलंय. अगरबत्ती लावल्यावर भुस्सकन गेली. टीचर, माका म्हायत होता. मगे सायबान विचारल्यान, आणि मी बोललंय, नाय सायब. पेटत नाय."

पेटते म्हटलं असतं तर आधी शेट अडकले असते आणि मग मेली म्हणणारे काका. वड्याचं तेल वांग्यावर काढायला महादेव सोयीचा होता, तो बोलणार नव्हता. काकांनी नोकरी सोडली, पण खरं सांगितलं नाही. उरलेला गाळ बरणीत घातला आणि तेव्हापासून पाणी घालत राहिले. धुवून टाकला असता तर महादेवच्या बाजूची एकमेव साक्ष संपली असती. वाळू दिला असता तर काय झालं असतं ते त्यांनी पाहिलं होतं.

"पाण्यात गेलेली मरत नाय, निजता," ते म्हणाले. "सुकली काय उठता." आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

मला त्यांचा राग आला होता. आजही येतो. एक माणूस मेल्यावर त्याला चोर ठरवू देणं, आणि मग इतकी वर्षं रोज तांब्याभर पाणी घालून स्वतःची समजूत काढणं, याला मी माया म्हणणार नाही. पण ज्या माणसाने ऊन, गाव, चतुर्थी सगळं त्या बरणीपायी सोडलं त्याला नुसतं भित्रा म्हणून मोकळंही होता येईना.

पुढच्या वर्षी चाळीचा पुनर्विकास नक्की झाला. दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करून ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या खोल्यांत जायचं होतं. टेम्पोत, सामानात, उन्हात ती बरणी कशी न्यायची? काका आठ दिवस जेवले नाहीत. मग एका सकाळी नळावर हात ठेवून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "इंदूवयनीक शोधून देशीत?"

महादेवची बायको. जुन्या भायखळ्याच्या पत्त्यावरून विचारत विचारत मी तिला शोधलं. मुलीबरोबर अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहत होती. मी एवढंच म्हटलं की परबकाकांना तुम्हाला काही दाखवायचं आहे. तिने मला आत घेतलं. घरात सासूसासऱ्यांचा फोटो होता, देवांच्या तसबिरी होत्या. महादेवचा नव्हता. माझी नजर तिने ओळखली. "पोरगी शाळेत जाय तेव्हा चोराची पोर म्हणत," ती म्हणाली. "फोटो ट्रंकेत आसा. आमी तीन घरां बदललंव, खयच लावलंय नाय. माकाच खात्री नव्हती."

ती आली ती एकटी. काकांनी बरणी आधीच ढवळून चमचाभर काळं पितळी ताटलीत काढलं होतं. पंधरा वर्षांत कुरडयांचा तो एक दिवस सोडला तर मी त्यांना गच्चीवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते आपणहून चढले, ताटली भर उन्हात ठेवली आणि तिघं टाकीच्या सावलीत बसलो. काकांनी जे मला सांगितलं होतं ते तिला सांगितलं, तिच्याकडे न पाहता. सांगून झालं तरी ताटलीतलं काळं ओलंच होतं. मग आम्ही नुसतं बसून राहिलो. दोन तास. खाली रस्त्यावर दसऱ्याच्या झेंडूचे ढीग लागत होते. हळूहळू काळ्याच्या कडेने पांढरं उगवायला लागलं. आधी एक रेघ, मग बारीक सुया. काका मधेच ताटली उचलून कानाशी नेत, हलवत, पुन्हा ठेवत. तिसऱ्यांदा हलवली तेव्हा मलाही आवाज आला.

काकांनी आम्हाला मागे व्हायला सांगितलं, लांब काडीला बांधलेली अगरबत्ती पुढे केली. आधी काहीच झालं नाही. मग सुर्र करत, अडखळत, जांभळट ज्वाळेची एक जीभ ताटलीभर फिरली आणि पांढरा धूर वर गेला. कुजक्या अंड्यासारखा वास आला. गच्चीवर वारा नव्हता, धूर ताटलीवर उभाच राहिला. छातीइतका उंच, मधे रुंद, वर अरुंद. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. धूर कसाही उभा राहू शकतो हे मला माहीत आहे.

इंदूवहिनी धूर विरेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमका ता तेव्हा म्हायत होता?"

"होता, वयनी."

"सायबान विचारल्यान, तेच्या आधी?"

"तीन दिस आधी."

त्या रडल्या नाहीत. पदर खोचून उभ्या राहिल्या. "ती बरणी आता धुवा," म्हणाल्या. "माझ्यासमोर धुवा."

गॅलरीच्या टोकाच्या त्याच पितळी नळाखाली काका उकिडवे बसले. पहिलं पाणी चहासारखं गेलं, दुसरं फिकट, मग आणखी फिकट. प्रत्येक वेळी ते गाळ हाताने ढवळत, बसू देत आणि पाणी ओतून टाकत. सातव्या की आठव्या वेळी पाणी स्वच्छ आलं. हात काळे झाले होते आणि ते काळं चकाकत होतं. वहिनी शेवटपर्यंत उभ्या होत्या. मग जिन्याकडे निघाल्या, आणि पहिल्या पायरीवरून वळून मला म्हणाल्या, "दसऱ्याक फोटो लावतंय. टीचर, तुमी येवा." काका नळाशीच होते. त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी येव नकात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचं दार उघडं होतं. खिडकीवरचं गोणपाट काढलेलं, खोलीत ऊन, फडकी वाळून दोरीवर टांगलेली. मागच्या भिंतीवर लोणा फुटला होता. काकांनी तो पुसला नव्हता.

दसऱ्याला मी अँटॉप हिलला गेले. महादेवचा फोटो भिंतीवर लागला होता. मिशी राखलेला, हसरा, तिशीतला माणूस. झेंडूचा हार जरा मोठाच झाला होता. इंदूवहिनींची लेक सोनं वाटत होती, नातवंडं पेढ्यांवर तुटून पडली होती. मी आपट्याची पानं हातात धरून खिडकीशी उभी राहिले आणि सहज खाली पाहिलं. इमारतीच्या आवारात, रखवालदाराच्या नळाशी, भर उन्हात परबकाका उभे होते. पांढरा सदरा, हातात काही नाही. त्यांनी उजवा तळवा नळावर ठेवला होता. माझ्या शेजारी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही, पण वहिनींनीही त्यांना पाहिलं. त्यांनी हाक मारली नाही आणि खिडकीही लावली नाही.

मी मनात तीन आकडे मोजले. मग दहा. मग काकांनी हात काढला, वर पाहिलं नाही, आणि उतारावरून उन्हात चालू लागले.